झाड कोणाचे? पश्चिम आफ्रिकेतील निसर्गसंपत्ती आणि लोकहक्क : एक अभ्यास

पर्यावरणाचा विचार आपल्याकडे बहुधा वृक्षारोपणाच्या कार्यक्रमापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. रोपे लावली जातात, छायाचित्रे निघतात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या खड्ड्यांत काय उरले, हे पाहण्यास कोणी जात नाही. रोप का जगले नाही, या प्रश्नाचे उत्तर आपण पाण्यात, मातीत किंवा लोकांच्या उदासीनतेत शोधतो. परंतु त्याआधीचा एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाही : ते झाड कोणाचे होते?

हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला कायद्याकडे, सत्तेकडे आणि समाजरचनेकडे घेऊन जातो. पश्चिम आफ्रिकेतील काही समाजांचा गेल्या पन्नास वर्षांचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे उजाड झालेली जमीन अत्यंत गरीब शेतकऱ्यांनी पुन्हा हिरवी केली, आणि त्याच भूभागात दुसरीकडे सुपीक जमीन व स्वच्छ पाणी लोकांच्या डोळ्यांदेखत नासले. हा फरक केवळ हवामानाचा नाही. तो हक्काचाही आहे, हेच या लेखात मांडावयाचे आहे.

प्रदेशाची ओळख

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला पूर्व-पश्चिम पसरलेला जो कोरडा पट्टा आहे, त्याला साहेल म्हणतात. ‘साहेल’ या अरबी शब्दाचा अर्थ किनारा. वाळूच्या समुद्राचा हा किनारा होय. सेनेगल, माली, बुर्किना फासो, नायजर हे देश याच पट्ट्यात येतात. त्यांच्या दक्षिणेस गिनीच्या आखाताला लागून आयव्हरी कोस्ट, घाना, नायजेरिया हे देश आहेत. नायजर आणि नायजेरिया ही नावे एकाच नदीवरून आली असली, तरी ते दोन वेगळे देश आहेत. पहिला फ्रेंचांच्या आणि दुसरा ब्रिटिशांच्या ताब्यात होता. १९६० मध्ये दोन्ही स्वतंत्र झाले.

साहेलमध्ये पाऊस साधारण जून ते सप्टेंबर एवढाच. बाजरी आणि ज्वारी ही तेथील मुख्य पिके. म्हणजे मराठवाड्याच्या किंवा माणदेशाच्या शेतकऱ्याला तेथील शेत अगदीच परके वाटू नये. १९६८ ते १९७३ या काळात तेथे भीषण दुष्काळ पडला. माणसे आणि गुरे मोठ्या संख्येने दगावली. १९८४ च्या सुमारास पुन्हा तशीच वेळ आली. “वाळवंट दक्षिणेकडे सरकते आहे” असे तेव्हा जगभर बोलले जाऊ लागले आणि त्याचा दोष बहुधा तेथील शेतकऱ्यांवर आणि पशुपालकांवर ठेवला गेला. हे लोक झाडे तोडतात, जमीन ओरबाडतात, त्यांना काही कळत नाही, असा तो सूर होता. गरिबालाच त्याच्या दुःखाचे कारण ठरविण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

फर्मान आणि झाड

फ्रेंच राजवटीने १९३५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आपल्या वसाहतींसाठी वनांविषयी एक फर्मान काढले. संरक्षण हा त्याचा जाहीर हेतू होता. परिणाम मात्र असा झाला की, मौल्यवान झाडांवर अंतिम अधिकार सरकारचा झाला आणि शेतकरी आपल्याच शेतातील झाडाला परका ठरला. फांदी तोडायची तरी वनाधिकाऱ्याची परवानगी हवी, नाही तर दंड. स्वातंत्र्यानंतरही ही व्यवस्था बव्हंशी तशीच चालू राहिली. राज्यकर्ते बदलले, परंतु वनरक्षकाच्या हातातील पावतीपुस्तक बदलले नाही.

आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करून पाहावा. शेतात एखादा कोंब उगवला. तो वाढू दिला, तर उद्या तो सरकारचा होणार, त्याच्या लाकडासाठी आपल्यालाच दंड होणार. मग शहाणपण कशात? कोंब लहान आहे तोवरच तो खणून किंवा जाळून टाकण्यात. ज्या कायद्याने झाड वाचवायचे होते, त्याच कायद्याने झाड उगवणे हे संकट करून ठेवले. भारतातील १८७८ च्या वन कायद्याने आदिवासींचे आणि गावकऱ्यांचे जंगलाशी असलेले नाते कसे तोडले, हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना ही गोष्ट लगेच ओळखता येईल. साम्राज्ये वेगळी होती, परंतु रीत एकच होती.

मरादीचे जमिनीखालचे जंगल

नायजरच्या दक्षिणेस मरादी हा जिल्हा आहे. टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८० च्या दशकाच्या प्रारंभी एका ख्रिस्ती संस्थेच्या वतीने तेथे काम करीत होते. त्यांनीही सुरुवातीला सर्वांसारखीच रोपे लावली आणि ती बहुतेक मेली. १९८३ मध्ये त्यांचे लक्ष रस्त्याकडेच्या खुरट्या झुडपांकडे गेले. जवळून पाहता ती झुडपे नव्हतीच. ते तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांतून फुटलेले कोंब होते. वर झाड दिसत नव्हते, पण जमिनीखाली मुळे शाबूत होती. जंगल नष्ट झालेले नव्हते. ते दरवर्षी कापले आणि जाळले जात होते, एवढेच.

उपाय अत्यंत साधा निघाला. बुंध्यातून फुटलेल्या कोंबांपैकी चार-पाच जोमदार कोंब ठेवायचे, बाकीचे छाटायचे, आणि ठेवलेल्यांची वेळोवेळी निगा राखायची. रोप नको, खड्डा नको, पाणी घालणे नको. छाटलेल्या फांद्यांतून सरपण मिळते, पाल्यातून गुरांना चारा मिळतो. पूर्वी वाऱ्याबरोबर येणारी वाळू पिकाचे कोवळे अंकुर गाडून टाकी आणि शेतकऱ्याला एकाच हंगामात दुबार-तिबार पेरणी करावी लागे. झाडांनी तो वारा अडविला. तेथे ‘गाओ’ नावाचे बाभळीच्या कुळातील एक झाड आहे. ते पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत हिरवे होते. त्यामुळे ते पिकाच्या उन्हाच्या आड येत नाही, उलट गळलेल्या पानांनी जमिनीचा कस वाढवते.

तथापि तंत्र साधे असूनही ते आधी का रुजले नव्हते? येथेच आपला मूळ प्रश्न येतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नायजरमधील सरकारी यंत्रणा दुबळी झाली, दंडाची अंमलबजावणी सैल झाली, आणि शेतातले झाड आपले आहे असे शेतकरी मानू लागले. ज्याने वाढविले त्यालाच ते कापता येईल आणि विकता येईल, हा भरवसा आला, तेव्हा झाडे वाढू लागली. पुढे डच भूगोलतज्ज्ञ क्रिस रेइज आणि अमेरिकन संशोधक ग्रे टॅपन यांनी जुनी हवाई छायाचित्रे व नवी उपग्रहचित्रे ताडून पाहिली, तेव्हा दक्षिण नायजरमध्ये सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्रावर अशी झाडे पुन्हा उभी राहिल्याचे दिसून आले. हे काम लाखो शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात आपल्या विळ्याने केले होते. त्याचे ना उद्घाटन झाले, ना त्यावर कोणाच्या नावाची कोनशिला बसली. कागदावरचा कायदा मागाहून आला. शेतकऱ्यांच्या या पद्धतीला आणि तीतून येणाऱ्या हक्कांना मान्यता देणारा खास हुकूमनामा नायजर सरकारने २०२० मध्ये काढला.

यातेंगाचे खड्डे

शेजारच्या बुर्किना फासो देशाच्या उत्तरेस यातेंगा हा प्रांत आहे. तेथील माती दुष्काळात इतकी टणक झाली की पाऊस पडला तरी पाणी मुरेना. ते वरच्या वर वाहून जाई. अशा उघड्या, कडक जमिनीला तेथील मोसी लोक ‘झिपेले’ म्हणतात. गूर्गा गावचे शेतकरी याकुबा सावाडोगो यांनी १९८० च्या सुमारास या जमिनीवर एक जुनी पद्धत नव्याने आणि सुधारून वापरली. तिचे नाव ‘झाई’.

झाई म्हणजे कोरड्या दिवसांतच जमिनीत खणलेले लहान लहान खड्डे. प्रत्येक खड्डा सुमारे वीतभर रुंद किंवा त्याहून थोडा मोठा, आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल. त्यात शेणखत आणि काडीकचरा घालायचा. त्या कचऱ्याच्या वासाने वाळवी येते आणि जमिनीत बारीक भुयारे करते. पहिला पाऊस पडला की पाणी खड्ड्यात साठते आणि वाळवीने केलेल्या वाटांनी खोल मुरते. मग त्याच खड्ड्यात ज्वारी-बाजरी पेरायची. खताबरोबर आलेल्या बियांतून झाडेही उगवतात. एका हेक्टरात असे दहा हजारांहून अधिक खड्डे लागतात. ते सारे हातकुदळीने, कडक उन्हात. ज्या वाळवीला आपण शत्रू समजतो, तिला याकुबांनी सहकारी केले.

पावसाळ्याआधी शेत खणणाऱ्या या माणसाला लोकांनी प्रथम वेडा ठरविले. त्यांनी वाढविलेल्या रानाला आगही लावली गेली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुढे ते आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांना आपल्याकडे बोलावून बाजाराचा दिवस भरवीत. तेथे बियाणांची आणि अनुभवाची देवघेव होई. पेटंट नाही, शुल्क नाही. मिळालेले ज्ञान वाटायचे, एवढाच नियम. काही दशकांत सुमारे २७ हेक्टरांवर, ६० हून अधिक जातींच्या झाडाझुडपांचे रान त्यांच्याभोवती उभे राहिले. २०१८ चा राइट लाइव्हलीहुड पुरस्कार त्यांना आणि टोनी रिनाउडो यांना देण्यात आला. याकुबा २०२३ च्या डिसेंबरात निवर्तले.

याच यातेंगात उतारावर आडव्या दगडी ओळी रचण्याचे कामही झाले. समपातळी रेषा शोधण्यासाठी महागडी दुर्बीण लागे. त्याऐवजी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरण्यात आली. आपला गवंडी दोन भिंतींची पातळी याच नळीने पाहतो. अक्षरओळख नसलेले शेतकरीही हे तंत्र एक-दोन दिवसांत शिकले. ज्ञान सोपे केले की ते कोणाची मक्तेदारी राहत नाही, ही गोष्ट शिक्षण क्षेत्रातील आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

परंतु या कथेलाही एक कडू बाजू आहे. जवळचे वाहिगुया शहर वाढले, तेव्हा सरकारी नगरविस्तारात याकुबांच्या रानाची जमीन येऊ लागली. ज्या जमिनीला कोणी विचारीत नव्हते, ती सुधारताच तिच्यावर दुसऱ्यांचे आराखडे पडले. जमीन सुधारणाऱ्याच्या हाती लेखी हक्क नसेल, तर त्याची सगळी मेहनत दुसऱ्याच्या मर्जीवर राहते.

ओगोनींची भूमी

आता आखाताच्या किनाऱ्याकडे, नायजेरियात येऊ. नायजर नदीच्या मुखाजवळच्या या प्रदेशात पाऊस भरपूर, माती सुपीक, खाड्यांत मासळी आणि काठाने खारफुटी. येथे ओगोनी हा लहानसा समाज राहतो. १९५८ पासून त्यांच्या भूमीतून खनिज तेल काढले जाऊ लागले. १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने जमिनीखालील सर्व तेल केंद्र सरकारचे ठरले, आणि १९७८ च्या जमीनवापर कायद्याने प्रत्येक राज्यातील जमीन तेथील राज्यपालाच्या अखत्यारीत गेली. वर आणि खाली, दोन्हीकडे ओगोनी माणूस हक्काविना उरला. तेलवाहिन्या फुटत, खाड्यांवर तवंग येई, वायू रात्रंदिवस जळत राही. तेलाचा पैसा मात्र राजधानीला आणि परदेशी कंपन्यांना जाई.

लेखक केन सारो-विवा यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९० मध्ये ओगोनींची संघटना उभारली आणि हक्कांची सनद जाहीर केली. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे तीन लाख ओगोनी शांततेने रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी शेल कंपनीला ओगोनीभूमीतील उत्पादन थांबवावे लागले. लष्करी राजवटीने याचे उत्तर दडपशाहीने दिले. खुनाचा आरोप ठेवून, विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालवून, १० नोव्हेंबर १९९५ रोजी सारो-विवा आणि त्यांच्या आठ सहकाऱ्यांना फाशी देण्यात आली. जगभर निषेध झाला आणि राष्ट्रकुलाने नायजेरियाचे सदस्यत्व निलंबित केले.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये ओगोनीभूमीचा अहवाल प्रसिद्ध केला. २०० हून अधिक ठिकाणांची तपासणी त्यात होती. निसिसिओकेन ओगाले या गावात लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यात बेंझीन हे कर्करोगकारक द्रव्य जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले. सारे पूर्ववत होण्यास २५ ते ३० वर्षे लागतील, असे अहवालाने म्हटले. २०१५ मध्ये बोडो या गावाला, २००८ च्या दोन तेलगळतींबद्दल, शेलकडून ५.५ कोटी पौंडांची भरपाई मिळाली, तीही लंडनच्या न्यायालयात दावा लढवून. २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी फाशी गेलेल्या नऊ जणांना मरणोत्तर माफी जाहीर केली. पण माफी गुन्हेगाराला दिली जाते. ज्यांनी गुन्हाच केला नाही, त्यांची निर्दोषता जाहीर व्हावयास हवी, अशी मागणी म्हणूनच अजून उभी आहे.

मरादीत पाऊस कमी होता, माती दुबळी होती, तरी झाड लोकांच्या हाती आले आणि रान उभे राहिले. ओगोनीभूमीत सारे काही होते, फक्त लोकांच्या हाती काही नव्हते.

‘समाज’ म्हणजे कोण?

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, “मग सोपे आहे. सारे काही गावाच्या हाती द्यावे.” येथे आपण आंबेडकरी विचारांच्या लोकांनी क्षणभर थांबले पाहिजे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रामव्यवस्थेच्या गौरवगायनावर कठोर टीका केली होती आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. गावाच्या हाती देणे म्हणजे गावात कोणाच्या हाती देणे, हा प्रश्न त्यामागे होता.

हा प्रश्न साहेललाही लागू पडतो. माली आणि नायजरच्या अनेक भागांत पूर्वीच्या गुलामांचे वंशज आजही वेगळे ओळखले जातात. लोहारकाम किंवा भाटपणा करणारे गट वंशपरंपरेने वेगळे राहतात आणि त्यांच्याशी विवाहसंबंध टाळले जातात. गुलामवंशीय कुटुंबांना जमिनीचा स्वतंत्र हक्क मिळणे पुष्कळ ठिकाणी कठीण असते. नायजरने गुलामगिरीला २००३ मध्ये फौजदारी गुन्हा ठरविले. तरीही गुलामगिरीत राहिलेल्या एका स्त्रीच्या दाव्यात पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने, तिचे संरक्षण करण्यात कसूर केल्याबद्दल, २००८ मध्ये नायजर सरकारलाच जबाबदार धरले. स्त्रियांची गोष्टही अशीच. सरपण, पाणी आणि रानातील फळबिया गोळा करण्याचे बहुतेक काम त्या करतात, पण जमीन सहसा पुरुषांच्या नावे असते. गुरे घेऊन हिंडणाऱ्या फुलानी पशुपालकांची अडचण आणखी वेगळी. शेतकऱ्यांनी जमिनी सुधारल्या की गुरांच्या जुन्या वाटा आखडतात आणि संघर्ष पेटतो. त्यांना चर्चेत घेतल्याशिवाय केलेला कोणताही नियम टिकत नाही.

म्हणून निसर्गसंपत्तीचे व्यवस्थापन लोकांच्या हाती असावे, हे अर्धे सत्य आहे. त्या ‘लोकां’मध्ये भूमिहीन, स्त्री, भटका आणि गावकुसाबाहेरचा माणूस बरोबरीने बसलेला असावा, हे उरलेले अर्धे.

आपल्यासाठी बोध

आपल्या चळवळीचा आरंभबिंदूच एका नैसर्गिक साधनाच्या हक्काचा आहे. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. पण चवदार तळ्याचे पाणी आपल्या माणसांच्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, सत्याग्रहाने. नायजरमध्ये कायदा जुनाच राहिला आणि व्यवहार आधी बदलला, महाडमध्ये ठराव आधी झाला आणि व्यवहार बदलण्यासाठी लढावे लागले. दोन्ही अनुभव मिळून एकच गोष्ट सांगतात. हक्क कागदावर हवा आणि हातातही हवा. पैकी एक नसेल, तर दुसरा फार काळ टिकत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांसाठी १९५९ मध्ये आणि पुढे १९६४ मध्ये जे सत्याग्रह उभारले, त्यांचा अर्थही हाच आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उद्भवलेल्या तंट्यात दाखविले आहे. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न युद्धाने सुटणार नाही, ही सिद्धार्थाची भूमिका होती. भिक्खूंनी हिरव्या वनस्पतीवर किंवा पाण्यात घाण करू नये, असा नियम विनयात आहे. सम्राट अशोकाने वाटेवर वड लावल्याचे, आमराया उभारल्याचे आणि विहिरी खणल्याचे आपल्या लेखांत नोंदविले आहे. सर्व गोष्टी परस्परांवर अवलंबून असतात, हा प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत पर्यावरणाचाही पाया मानता येईल. शेण, वाळवी, पाणी, ज्वारी आणि माणूस या साखळीतून याकुबांच्या खड्ड्यात पीक उभे राहते, तेव्हा तो सिद्धांत मातीत वाचता येतो.

या वसतिशाळेतून शिकून गेलेले विद्यार्थी आज शेतात, कचेरीत, न्यायालयात आणि ग्रामपंचायतीत आहेत. त्यांनी आणि आपल्या पालकांनी आपापल्या गावाविषयी चार प्रश्न विचारून पाहावेत. गावातील गायरान, तळे आणि ओढा यांची नोंद आज कोणाच्या नावे आहे? त्यांच्याविषयीचे निर्णय होतात तेव्हा आपल्या वस्तीतील किती जण, विशेषतः किती स्त्रिया, ग्रामसभेत उपस्थित असतात? ज्याने झाड जगविले, त्याला त्याचे फळ मिळण्याची काही लेखी तरतूद आहे काय? आणि वापरात असलेल्या विहिरीचे पाणी शेवटचे केव्हा तपासले गेले? या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी पदवी लागत नाही. माहितीचा अर्ज लिहिता येणे आणि ग्रामसभेत उभे राहून बोलता येणे पुरेसे आहे. शाळेने आपल्याला या दोन्ही गोष्टी शिकविल्या आहेत.

मरादीच्या जमिनीखाली मुळे जिवंत होती. ती कापणारा हात थांबला, तेव्हा ती वर आली. शेकडो वर्षे छाटल्या गेलेल्या समाजाची मुळेही तशीच जिवंत होती, हे या वसतिशाळेने प्रत्येक पिढीत पाहिले आहे. आता ज्या जमिनीत ही मुळे आहेत, तिच्या पाण्याची, झाडांची आणि हक्कांची राखण करणे आपल्याकडे आले आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!